बॅरन वेगळा, बॅरोनेट वेगळा: सर फ्रान्सिस बर्डेटची गोष्ट

इंग्लंडचा इतिहास वाचताना बॅरन आणि बॅरोनेट यात हमखास गल्लत होते, दोन्ही पदव्या वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या, त्यामुळे तर जास्तच. बॅरन म्हणजे उमराव, नावाआधी 'लॉर्ड', आणि तेव्हा इंग्लंडच्या बॅरनला हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये (पार्लमेंटचं वरचं सभागृह) निवडणूक न लढवता जागा असायची. बॅरोनेट नुसता 'सर', कायद्याने सामान्य माणूस, पार्लमेंटमध्ये जायचं तर मतं मागूनच. ही पदवी पहिल्या जेम्स राजाने १६११ मध्ये पैसा उभा करायला काढली, किंमत १०९५ पौंड, म्हणजे ३० सैनिक ३ वर्षं पोसायचा खर्च! (आपले मुंबईचे सर जमशेटजी जीजीभॉय १८५७ मध्ये बॅरोनेट झाले, बॅरन नव्हे.)

आता बर्डेट बघा. डर्बीशायरमधल्या फोरमार्कचं जमीनदार घराणं, १७९७ मध्ये आजोबांकडून पदवी आली आणि हा पाचवा बॅरोनेट झाला. १८०७ पासून तब्बल ३० वर्षं वेस्टमिन्स्टरचा खासदार, आणि मला तो आवडतो तो १८१० मुळे. कॉमन्सने (पार्लमेंटचं निवडून आलेलं सभागृह) एका माणसाला तुरुंगात टाकलं, हा म्हणाला सभागृहाला असा अधिकारच नाही, आणि ते भाषण छापून आणलं, मग याच्याच अटकेचा हुकूम निघाला तर पिकॅडिलीच्या घरात दारं लावून बसला, बाहेर लोकांची ही गर्दी, शेवटी सैन्य आणून घरात घुसून त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये नेलं. पीटरलूच्या हत्याकांडावर (१८१९ मध्ये मँचेस्टरला सुधारणा मागणाऱ्या सभेवर घोडेस्वार घातले होते) सरकारला झोडपणारं पत्र लिहिलं म्हणून पुन्हा ३ महिने कैद आणि २००० पौंड दंड.

फरक खरा कळतो तो १८२५ मध्ये. कॅथलिकांना हक्क देणारं त्याचं बिल कॉमन्सने पास केलं, लॉर्ड्सने पाडलं. पाडणाऱ्या सभागृहात बॅरन बसलेले, आणि हा बॅरोनेट असल्यामुळे त्याला तिथे मतच नाही.

१८४४ मध्ये तो वारला, बॅरोनेट पदवी मुलाकडे गेली. धाकटी मुलगी अँजेला, आईकडच्या आजोबांच्या कूट्स बँकेच्या संपत्तीची वारस, तिने गरिबांसाठी अफाट पैसा खर्च केला आणि १८७१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने तिला स्वतःच्या हक्काने बॅरोनेस (स्त्री बॅरन) केलं, म्हणजे वडिलांच्या वरची पायरी. पण बाई म्हणून लॉर्ड्समध्ये तिला बसू दिलं नाही, बायकांना ते दार १९५८ मध्ये उघडलं.