चारकोल टूथपेस्ट म्हणजे आपली राखुंडीच, पण दातांची झीज का होते ते समजून घ्या

चारकोल पेस्ट इन्स्टाग्रामवर साधारण २०१६-१७ पासून गाजायला लागली आणि सगळ्यांना वाटलं काहीतरी नवीन आलंय, पण कोळशाने दात घासणं आपल्याकडे किती जुनं आहे. आमच्या आजीकडे राखुंडीचा पत्र्याचा डबा असायचा. बदामाची टरफलं जाळायची, तो कोळसा खलात कुटायचा, थोडं मीठ, तुरटी, आणि मग जुन्या धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायचं. फडक्यात उरलेला रवाळ भाग परत खलात, मग चिमूटभर दोन बोटांत चोळून बघायची, खरखर लागली की अजून कुटायची. तेव्हा मला कळलं नव्हतं पण सगळा मुद्दा त्या खरखरीतच आहे.

पुढे माकडछाप काळी टूथ पावडर घरोघरी होती, १९३७ मध्ये कोलगेट भारतात आलं, हळूहळू पांढरी फेसवाली पेस्ट शहाण्यांची आणि राखुंडी गावठी असं होऊन बसलं. आता तोच कोळसा ट्यूबमध्ये भरून महाग मिळतो.

यातला अॅक्टिव्हेटेड चारकोल म्हणजे खूप तापवून बारीक बारीक छिद्रं पाडलेला कोळसा. विषबाधेत डॉक्टर पोटातून देतात तो हाच, तिथे त्याला विष धरून ठेवायला वेळ मिळतो. तोंडात मिळतात दोन मिनिटं. त्यामुळे चहा-तंबाखूचे डाग निघतात ते जास्त करून घासून, खरवडून निघतात. २०१७ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमध्ये चारकोलवरच्या आधीच्या लेखनाचा आढावा आला, त्यात स्पष्ट म्हटलंय की दात पांढरे होतात किंवा हे सुरक्षित आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

आणि दातावरचं इनॅमल, म्हणजे बाहेरचा कडक थर, एकदा गेलं की गेलं, ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात. त्याच्या खालचं डेंटिन त्याहून मऊ आणि रंगाने पिवळसर. म्हणजे पांढरे व्हावेत म्हणून वर्षानुवर्षं जोर लावून घासायचं आणि इनॅमल पातळ झालं की आतला पिवळेपणाच जास्त दिसायचा, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हे करणारी बहुतेक कॉलेजमधली पोरं असतात.

पेस्टची खरखर मोजायला आरडीए नावाचा आकडा आहे, आंतरराष्ट्रीय मानकात त्याची कमाल मर्यादा २५०. चारकोल पेस्टमध्ये हा आकडा ब्रँडनुसार खूप बदलतो, काही सौम्य असतात काही चांगल्याच रखरखीत, नुसता काळा रंग बघून कळत नाही आणि ट्यूबवर सहसा छापलेला नसतो. शिवाय बऱ्याच चारकोल पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं, म्हणजे कीड रोखणारी मुख्य गोष्टच नाही.

अजून एक फरक. आजी बोटाने घासायची, आपण नायलॉनच्या ब्रशने घासतो. नायलॉनचे ब्रश १९३८ पासूनचे, त्यांच्याखाली खरखरीत भुकटी आली आणि हात आडवा जोरात चालला की हिरडीलगत, जिथे इनॅमल सर्वात पातळ असतं, तिथे व्ही आकाराची खाच पडते. थंड पाणी तिथे लागलं की कळ डोक्यात जाते.

आजीच्या सुळ्यांनाही अशा खाचा होत्या, बोटाने घासूनसुद्धा, साठ वर्षं आडवं घासून झालेल्या. उन्हाळ्यात ती माठातलं पाणी पेल्यात ओतून थोडा वेळ तसंच ठेवायची, मग प्यायची.