बेभरवशीपणा (पाकिस्तान क्रिकेट)

भरपूर गुणवत्ता असूनही एखाद्या राष्ट्रीय संघाचा खेळ सामन्यागणिक टोकाचा बदलणे, कालच्या निकालावरून आजचा अंदाज बांधता न येणे. क्रिकेटमध्ये हा गुण (की अवगुण) पाकिस्तानच्या पुरुष संघाच्या खात्यावर जमा आहे. मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर ‘बेभरवशाचा’ हा शब्द पाकिस्तानला आडनावासारखा चिकटलेला असतो आणि ‘त्यांचा दिवस असला की ते कुणालाही हरवतील’ एवढ्यावर चर्चा मिटते. कधी तुपाशी, कधी उपाशी. हा स्वभावाचा किंवा लहरीचा प्रकार आहे असे म्हणणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही. तिथे गोलंदाज घडतो त्या वाटेने फलंदाज घडत नाही आणि दोघांना सांभाळणारी व्यवस्था दर थोड्या वर्षांनी मोडून पुन्हा मांडली जाते. चढउतारांचे मूळ बरेचसे तिथे सापडते.

नमुने

सुरुवातीपासूनच ही गंमत आहे. ऑक्टोबर १९५२ मध्ये पाकिस्तान आपली पहिली कसोटी दिल्लीत फिरोजशाह कोटलावर खेळला आणि एक डाव ७० धावांनी हरला. आठवड्याभरात लखनौला त्याच भारताला त्याने एक डाव ४३ धावांनी हरवले. पण यात लहर कुठेच नव्हती. लखनौची खेळपट्टी तागाच्या मॅटची होती, मॅटवर फजल महमूद खेळता येत नसे, आणि त्याने सामन्यात १२ बळी घेतले. दोन वर्षांनी ओव्हलवरही फजलने १२ बळी घेऊन इंग्लंडला २४ धावांनी हरवले. एका गोलंदाजाच्या जोरावर सामना फिरवायचा, हा साचा तेव्हापासूनचा आहे.

१९९२ चा विश्वचषक हे नेहमीचे उदाहरण. वेस्ट इंडिजकडून १० गडी राखून पराभव, भारताकडून सिडनीत ४३ धावांनी पराभव, ॲडलेडला इंग्लंडसमोर अवघ्या ७४ धावांत सर्वबाद. तो ७४ चा सामना पावसाने धुऊन नेला आणि फुकट एक गुण पदरात पडला. साखळीअखेर पाकिस्तानचे ९ गुण झाले, ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिजचे ८. ॲडलेडला ऊन पडले असते तर इम्रान खानच्या ‘कोंडीत सापडलेल्या वाघां’ची कथा कुणी सांगितली नसती. २५ मार्चला मेलबर्नच्या अंतिम सामन्यात वसीम अक्रमने लागोपाठच्या दोन चेंडूंवर इंग्लंडच्या लॅम्ब आणि लुईस यांच्या यष्ट्या उडवल्या, आणि लोक आधीचे सगळे विसरले.

१९९९ साली भारतीय प्रेक्षकांनी हेच दोन आठवड्यांत जवळून पाहिले. चेन्नईत सचिन तेंडुलकर १३६ वर बाद झाला तेव्हा भारताला १७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी हातात होते. सकलेन मुश्ताक आणि वसीम अक्रमच्या गोलंदाजीपुढे ते तीनही गेले आणि पाकिस्तान १२ धावांनी जिंकला. चेपॉकने उभे राहून टाळ्या वाजवल्या. आठवड्याने कोटलावर तोच संघ चौथ्या डावात बिनबाद १०१ वरून २०७ वर आटोपला. दहाच्या दहा बळी अनिल कुंबळेचे. त्याच वर्षी विश्वचषकात त्यांनी साखळीत ऑस्ट्रेलियाला हरवले, बांगलादेशकडून ६२ धावांनी मार खाल्ला आणि लॉर्ड्सच्या अंतिम सामन्यात १३२ धावांत गाशा गुंडाळला.

अलीकडची जोडी २०१७ ची. ४ जूनला एजबॅस्टनवर भारताकडून १२४ धावांनी हार, १८ जूनला ओव्हलवर त्याच भारतावर १८० धावांनी विजय आणि चॅम्पियन्स करंडक. स्पर्धेत उतरताना क्रमवारीत हा संघ आठवा, म्हणजे शेवटचा होता. त्या अंतिम सामन्यात फखर झमान ३ धावांवर असताना बुमराच्या चेंडूवर मागे झेल देऊन निघाला होता, पण तो नोबॉल निघाला. पुढे त्याने ११४ केल्या. त्या नोबॉलची आठवण अजून अनेक घरांत निघते.

गोलंदाज गल्लीत, फलंदाज कुठे?

पाकिस्तानातल्या बहुतेक मुलांची क्रिकेटशी ओळख टेपबॉलने होते. टेनिसच्या चेंडूवर विजेच्या कामाची चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची. चेंडू जड होतो, वेगाने निघतो, हवेत वळतो. कराचीच्या गल्ल्यांत आणि रमझानच्या रात्री दिव्यांखाली हेच चालते. सिमेंटवर उसळीचा भरवसा नसतो, म्हणून पोरे पायात यॉर्कर मारायला शिकतात, आणि तेही पूर्ण ताकदीने. अशा मुलाच्या हाती एक दिवस खरा चेंडू दिला की वेगवान गोलंदाज अर्धा तयार असतो. वसीम अक्रमला जावेद मियांदादने लाहोरच्या नेटमध्ये पाहिले आणि प्रथम श्रेणीचा फारसा अनुभव नसताना न्यूझीलंडच्या दौऱ्यावर नेले. वकार युनूसला इम्रान खानने दूरचित्रवाणीवर पाहून उचलले. जुना चेंडू उलटा वळवण्याची (रिव्हर्स स्विंगची) विद्या सरफराज नवाझकडून इम्रानकडे आणि त्याच्याकडून या दोघांकडे आली. ती कुठल्या अकादमीत लिहून ठेवलेली नव्हती. हाताला हात लावून दिली गेली.

फलंदाजाचे मात्र असे जमत नाही. गल्लीत फलंदाज शिकतो तो आडवी बॅट फिरवायला, कारण सहा षटकांच्या सामन्यात चेंडू सोडणाऱ्याला कोणी संघात घेत नाही. ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडणे, दुपारभर टिकणे, ओलसर खेळपट्टीवर पाय हलवणे यासाठी शाळेचे मैदान, क्लब, लाल चेंडू आणि तीन-चार दिवसांचे सामने लागतात. मुंबईत हॅरिस आणि गाइल्स ढालीच्या शालेय स्पर्धांपासून पावसातल्या कांगा लीगपर्यंत जी उतरंड होती, तिने ‘खडूस’ फलंदाज काढले. लाहोरलाही इस्लामिया कॉलेज आणि गव्हर्नमेंट कॉलेजची चुरस होती, पाकिस्तानचे सुरुवातीचे कितीतरी कसोटीपटू तिथले. ती परंपरा आटली. हनीफ मोहम्मदने १९५८ मध्ये ब्रिजटाउनला ९७० मिनिटे उभे राहून ३३७ केल्या, ते आता दंतकथेसारखे वाटते.

याचा परिणाम साधा हिशेब करून दिसतो. ज्या संघाची फलंदाजी भक्कम, त्याचा वाईट दिवसही अडीचशेच्या आसपास सावरतो. ज्याचा भार गोलंदाजीच्या एखाद्या स्फोटावर, तो जिंकतो तेव्हा देखणा जिंकतो आणि हरतो तेव्हा दुपारपर्यंत हॉटेलवर असतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये जोहान्सबर्गला डेल स्टेनने ८ धावांत ६ बळी घेतले, पाकिस्तान ४९ सर्वबाद. २०१९ च्या विश्वचषकात वेस्ट इंडिजसमोर १०५ वर कोसळलेल्या संघाने तीनच दिवसांनी त्याच ट्रेंट ब्रिजवर इंग्लंडविरुद्ध ३४८ केल्या आणि सामना जिंकला. क्षेत्ररक्षण हे तिसरे भोक. जानेवारी २०१० च्या सिडनी कसोटीत २०६ धावांची आघाडी हातात होती. यष्टीरक्षकाने एकाच डावात चार झेल सोडले, त्यातले तीन माइक हसीचे. हसी १३४ वर नाबाद राहिला आणि १७६ चे लक्ष्य गाठताना पाकिस्तान १३९ वर आटोपला.

खुर्च्या

पाकिस्तान क्रिकेट बोर्डाचा आश्रयदाता देशाचा पंतप्रधान असतो, त्यामुळे इस्लामाबादेत सरकार बदलले की लाहोरच्या गद्दाफी स्टेडियममधल्या कचेरीत नवी पाटी लागते. डिसेंबर २०२२ मध्ये रमीझ राजा गेले, नजम सेठी आले. ते गेले, झका अश्रफ आले. तेही गेले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मोहसिन नक्वी आले, जे पुढच्याच महिन्यात देशाचे गृहमंत्रीही झाले. अध्यक्षामागून निवड समिती, निवड समितीमागून कर्णधार. बाबर आझम नोव्हेंबर २०२३ मध्ये पायउतार झाला. शाहीन आफ्रिदीला टी-२० चे नेतृत्व मिळाले, न्यूझीलंडमध्ये मालिका ४-१ अशी हरताच काढून घेतले गेले, पुन्हा बाबर, मग मोहम्मद रिझवान, मग सलमान आगा. २०११ मध्ये वानखेडेवर भारताला विश्वचषक जिंकून देणारे गॅरी कर्स्टन एप्रिल २०२४ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला, एकही एकदिवसीय सामना न घडवता.

ही सवय जुनी आहे. १९८२ मध्ये मियांदादच्या नेतृत्वाखाली खेळायला दहा जणांनी नकार दिला होता. पुढे १९९३-९४ च्या सुमारास वसीम अक्रमविरुद्धही बंड झाले. ड्रेसिंग रूममध्ये तीन माजी आणि दोन भावी कर्णधार बसलेले असतील, तर आजच्या कर्णधाराने लावलेले क्षेत्ररक्षण कोण मनावर घेणार?

देशांतर्गत क्रिकेटची गत निराळी नाही. सत्तरच्या दशकात ए. एच. कारदार यांच्या पुढाकाराने बँका आणि सरकारी महामंडळांचे संघ आले. पीआयए ही विमान कंपनी, हबीब बँक, नॅशनल बँक, पाणी-विजेचे महामंडळ वापडा: खेळाडूला पगार, निवृत्तीनंतर कचेरीतली नोकरी. २०१९ मध्ये इम्रान खान यांच्या सरकारने ऑस्ट्रेलियाच्या धर्तीवर सहा प्रांतिक संघ ठेवले आणि खात्यांचे, म्हणजे या बँका-महामंडळांचे, संघ बंद केले. कल्पना कागदावर वाईट नव्हती. पण शेकडो खेळाडूंचे पगार गेले, आणि एका माजी प्रथम श्रेणी खेळाडूचा मालवाहू पिकअप चालवतानाचा व्हिडिओ त्या वर्षी देशभर फिरला. सरकार गेल्यावर खात्यांचे संघ परत आले. सहा संघांची पद्धत चांगली होती की वाईट, हे कळायलाही काही वर्षे लागली असती, तेवढी कुणी दिली नाहीत.

यात निकालनिश्चितीचा (मॅच फिक्सिंगचा) शाप आहेच. न्यायमूर्ती कय्यूम यांच्या चौकशीनंतर २००० साली सलीम मलिक आणि अता-उर-रहमान यांच्यावर आजीवन बंदी आली. २०१० मध्ये लॉर्ड्सवर ठरवून टाकलेल्या नोबॉलपायी सलमान बट, मोहम्मद आसिफ आणि अठरा वर्षांचा मोहम्मद आमिर तुरुंगात गेले. तेव्हापासून प्रत्येक पडझडीकडे संशयाने पाहिले जाते. बहुतेकदा ती निव्वळ खराब फलंदाजी असते.

बेघर वर्षे आणि मिसबाह

३ मार्च २००९ रोजी लाहोरमध्ये श्रीलंका संघाच्या बसवर हल्ला झाला आणि पाकिस्तानातले कसोटी क्रिकेट डिसेंबर २०१९ पर्यंत थांबले. ‘घरचे’ सामने दुबई, अबू धाबी आणि शारजात, बहुधा रिकाम्या खुर्च्यांसमोर. आयपीएलची दारेही पहिल्या हंगामानंतर बंद झाली.

स्वभावाची मीमांसा नेमकी इथे तोंडघशी पडते. लॉर्ड्सच्या प्रकरणानंतर २०१० मध्ये कसोटी कर्णधारपद मिसबाह-उल-हककडे आले. वय ३६, शैली निरस, टीव्हीवर त्याला ‘टुकटुक’ म्हणून हिणवायचे. त्याने सात वर्षे तोच कर्णधार, मधल्या फळीत तोच युनूस खान आणि फिरकीवर भर एवढेच केले. २०१२ मध्ये अव्वल क्रमांकाच्या इंग्लंडला अमिरातीत ३-० ने धुतले: अबू धाबीत १४५ चा पाठलाग करणारे इंग्रज ७२ वर आटोपले, आणि दुबईत पाकिस्तान पहिल्या डावात ९९ वर बाद होऊनही ७१ धावांनी जिंकला. मिसबाह असेपर्यंत अमिरातीत हा संघ कसोटी मालिका हरला नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये हा संघ क्रमवारीत पहिला झाला. पुढच्या काही महिन्यांत सलग सहा कसोट्या गमावल्या हे खरे, पण त्यातल्या पाच न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात होत्या, जिथे आशियातले सगळेच चाचपडतात. मे २०१७ मध्ये मिसबाह आणि युनूस एकत्र निवृत्त झाले. त्याच वर्षी श्रीलंकेने अमिरातीत २-० ने मालिका नेली. माणसे तीच, देश तोच. बदलले होते ते मधले दोन खांब.

शिक्का

विशेषणाचाही थोडा दोष आहे. १७ मार्च २००७ ला किंग्स्टनमध्ये आयर्लंडने पाकिस्तानला विश्वचषकाबाहेर ढकलले. त्याच दिवशी पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेशने भारताला हरवले आणि भारतही साखळीतच गारद झाला. भारताला कुणी लहरी म्हटले नाही. पुतळे जाळले, एवढेच. पाकिस्तानचा साधा पराभव मात्र पुराव्यात जमा होतो. जून २०२४ मध्ये डॅलसला अमेरिकेकडून सुपर ओव्हरमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक षटकात, झालेली हार तशीच. आमिरने वाइडची खैरात केली, अमेरिकेच्या १८ झाल्या, आणि मुंबईकडून रणजी खेळलेल्या, अमेरिकेत सॉफ्टवेअरची नोकरी करणाऱ्या सौरभ नेत्रावळकरने त्या राखल्या. चांगला टाकलेला चेंडू हाही निकालाचे कारण असू शकतो, हे अशा वेळी विसरले जाते.

मुलतान, २०२४

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुलतानच्या पाटा खेळपट्टीवर पाकिस्तानने ५५६ केल्या. इंग्लंडने ७ बाद ८२३ वर डाव घोषित केला, हॅरी ब्रूक ३१७, जो रूट २६२. पाकिस्तान एक डाव ४७ धावांनी हरला. पहिल्या डावात पाचशेच्या वर धावा करून डावाने हरणारा कसोटीतला पहिला संघ. नवी निवड समिती बसली. बाबर, शाहीन आणि नसीम शाह बाहेर. मग एक अफलातून युक्ती: दुसरी कसोटी नव्या खेळपट्टीवर न घेता त्याच वापरलेल्या, भेगाळलेल्या पट्टीवर. ती सुकावी म्हणून दोन्ही टोकांना कारखान्यातले असतात तसे मोठाले पंखे लावले. साजिद खान आणि नोमान अली या दोन फिरकीपटूंनी मिळून वीसच्या वीस बळी घेतले, बाबरच्या जागी आलेल्या कामरान गुलामने पदार्पणात ११८ केल्या. रावळपिंडीला पंख्यांच्या जोडीला हीटरही आणले. मालिका २-१.

जानेवारी २०२५ मध्ये वेस्ट इंडिज आले तेव्हा मुलतानला तीच पट्टी, तोच डाव. पहिली कसोटी पाकिस्तानने १२७ धावांनी जिंकली. दुसरीत जोमेल वॉरिकनने त्याच भेगांत चेंडू टाकले आणि पाकिस्तान १२० धावांनी हरला. फेब्रुवारीत २९ वर्षांनी आयसीसीची स्पर्धा, चॅम्पियन्स करंडक, घरी आली. कराचीत न्यूझीलंडकडून आणि दुबईत भारताकडून हरून यजमान सहाव्या दिवशी बाद झाले. उरलेला सामना २७ फेब्रुवारीला रावळपिंडीत बांगलादेशशी होता. पाऊस थांबला नाही, नाणेफेकही झाली नाही.