निक्सन सिद्धांत

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन (कार. १९६९–७४) यांनी मांडलेले परराष्ट्र धोरणाचे सूत्र. ‘ग्वाम सिद्धांत’ असेही त्यास म्हणतात. अमेरिका आपले करार पाळील, अण्वस्त्रधारी सत्तेच्या धमकीपासून मित्रराष्ट्रांचे रक्षण करील. इतर आक्रमणांत मात्र मागणीनुसार लष्करी व आर्थिक साहाय्य देईल, लढणारे मनुष्यबळ मुख्यतः त्या त्या राष्ट्राने उभे करावे, असा त्याचा आशय.

सिद्धांताचा आरंभ सामान्यतः २५ जुलै १९६९ हा मानतात. अपोलो–११ च्या अंतराळवीरांचे आदल्या दिवशी पॅसिफिक महासागरात स्वागत करून निक्सन आशियाच्या दौऱ्यासाठी ग्वाम बेटावर आले व पत्रकारांशी अनौपचारिक बोलले. ते शब्दशः छापावयाचे नव्हते. तेथे मोठी घोषणा करण्याचा मूळ बेत नसावा, असे निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांनी आपल्या आठवणींत सूचित केले आहे. तथापि ऑक्टोबर १९६७ मध्ये ‘फॉरेन अफेअर्स’मधील लेखात, जगाचा पोलीस ही अमेरिकेची भूमिका यापुढे मर्यादित राहील, असे निक्सन यांनी लिहिले होतेच. त्यामुळे विचार जुना, उच्चार आयत्या वेळचा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्रिसूत्री रूप ३ नोव्हेंबर १९६९ च्या दूरचित्रवाणी भाषणात आले. फेब्रुवारी १९७० मध्ये काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) सादर केलेल्या अहवालात त्याची व्याप्ती आशियाबाहेर गेली.

व्हिएतनाममध्ये तेव्हा पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते. सुएझच्या पूर्वेकडील तळ सोडण्याचे ब्रिटनने १९६८ मध्येच जाहीर केले होते. दक्षिण व्हिएतनामी सैन्यावर युद्धाचा भार टाकणे व दक्षिण कोरियातून सु. २०,००० सैनिक मागे घेणे (१९७१), ही सिद्धांताची ठळक उदाहरणे. अमेरिकी सैन्याची कंबोडियातील १९७० ची कारवाई मात्र त्यात बसविणे कठीण. म्हणून काही अभ्यासक यास व्हिएतनाममधून माघारीचे सोयीस्कर नाव समजतात. इराणी आखातात शाहच्या इराणला शस्त्रे देऊन हीच रीत अवलंबिली गेली. १९७९ च्या क्रांतीने ती व्यवस्था कोसळली. जानेवारी १९८० मध्ये जिमी कार्टर यांनी आखाताच्या रक्षणासाठी अमेरिकेचे स्वतःचे बळ वापरण्याची घोषणा केली.

त्याच १९६९ च्या दौऱ्यात निक्सन दिल्लीस येऊन गेले. १९७१ मधील त्यांच्या पाकिस्तानधार्जिण्या धोरणाचा या सिद्धांताशी कधीकधी संबंध जोडतात. पण त्यामागे पाकिस्तानमार्फत चीनशी संधान हे कारण अधिक प्रबळ दिसते.