ओहमचा आकडा आणि कान झाकणारा हेडफोन : एक पार्श्वभूमी

बेळगावच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत हेडफोन मागितला, की दुकानदार आधी ब्लूटूथची आवृत्ती सांगतो आणि मग बॅटरी किती तास चालते ते सांगतो. दोन-तीन हजारांत मिळणारा, कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन मोबाईलच्या जोरावर नीट वाजेल का, हा प्रश्न त्या बोलण्यात सहसा येत नाही. खरे तर पहिला प्रश्न तोच असायला हवा, कारण हे मोठे हेडफोन मुळात खिशात मावणाऱ्या यंत्रांसाठी घडलेलेच नव्हते.

अमेरिकेतील युटा येथे नॅथनिएल बाल्डविन यांनी 1910 मध्ये नौदलाला जे हेडफोन पुरवले, ते बिनतारी संदेश ऐकणाऱ्या खलाशांसाठी होते. 1937 मध्ये जर्मनीत बायर यांच्या कारखान्यातून डीटी 48 हा हेडफोन बाहेर पडला. घरी बसून संगीत ऐकण्यासाठीचा स्टिरिओ हेडफोन मात्र जॉन कॉस यांनी 1958 मध्ये मिलवॉकी येथे पुढे आणला. बाल्डविन यांचे सोडले, तर हे हेडफोन भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या, दणकट ॲम्प्लिफायरच्या यंत्रांना जोडायचे होते. त्यामुळे विजेला होणारा त्यांचा विरोध, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा इम्पीडन्स, जास्त असला तरी कोणाचे काही बिघडत नसे. सेनहायझर कंपनीचा 1968 मधला एचडी 414 तब्बल 2000 ओहमचा होता आणि एकेजी कंपनीचा के 240 मॉनिटर 600 ओहमचा. ध्वनिमुद्रण-कक्षात एकाच यंत्राला एकाच वेळी अनेक हेडफोन लावायचे असत, तिथे हा जास्त विरोध सोयीचाच ठरे.

हे गणित बदलले 1 जुलै 1979 रोजी, सोनीचा वॉकमन जपानमध्ये विक्रीला आला तेव्हा. दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे अवघ्या 3 व्होल्टवर चालणाऱ्या त्या यंत्रासोबत सुमारे 50 ग्रॅम वजनाचा, कानावर नुसता टेकणारा, स्पंजच्या चकत्यांचा हेडफोन मिळत असे. आमच्या सीमाभागात असे वॉकमन आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानातून आणि गोव्यामार्गे आले. नाट्यसंगीताच्या कॅसेटी ऐकत बेळगाव-मिरज रेल्वेप्रवास करणाऱ्यांच्या कानांवर जे दिसे, ते हेच हलके साधन. मोठा हेडफोन त्या काळात घरात आणि स्टुडिओतच राहिला.

2001 मध्ये आयपॉड आला, पाठोपाठ मोबाईल आले, आणि 2008 नंतर बीट्ससारख्या नाममुद्रांनी मोठा हेडफोन रस्त्यावर मिरवायची वस्तू केली. मग कंपन्यांनी जुनी घडणच कमी विरोधात काढायला सुरुवात केली. के 240 पुढे 55 ओहममध्ये मिळू लागला, तर बायर यांच्याच बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी 770 आजही 250, 80 आणि 32 ओहम अशा वेगवेगळ्या रूपांत ओळखला जातो. एकाच नावाखाली तीन वेगळ्या भुकेची यंत्रे आहेत, आणि स्वस्त मिळते म्हणून जुने घेणाऱ्याची फसगत नेमकी इथे होते.

हिशेब सोपा आहे. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे हेडफोनला मिळणारी शक्ती. मोबाईलच्या हेडफोन-जॅकमधून 1 व्होल्ट मिळतो असे धरले, तर 32 ओहमला 31 मिलिवॅट मिळतात आणि 300 ओहमला जेमतेम 3.3. हा फरक जवळजवळ 10 डेसिबलचा आहे, आणि कानाला तो आवाज निम्म्यावर आल्यासारखा जाणवतो. मात्र ओहमचा आकडा एकटा पुरेसा नाही. खोक्यावरची संवेदनशीलता, म्हणजे दिलेल्या विजेवर हेडफोन किती मोठ्याने वाजतो याचा आकडा, कोणी प्रति मिलिवॅट छापतो, तर कोणी प्रति व्होल्ट. 32 ओहमच्या हेडफोनची प्रति मिलिवॅट 100 डेसिबल ही संवेदनशीलता प्रति व्होल्ट छापली की 115 होते. दोन खोकी शेजारी ठेवून नुसते आकडे पाहणारा ग्राहक येथे हमखास चुकतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

किमतीबद्दल मात्र दिलासा आहे. संशोधक जेरोन ब्रेबार्ट यांनी 2017 मध्ये 283 हेडफोनांची मोजमापे पडताळली, तेव्हा किंमत आणि स्वरांचा समतोल यांत संबंध आढळला नाही. म्हणून स्वस्त हेडफोनची परीक्षा कानानेच घ्यावी, आणि त्यासाठी आमच्या भागाइतके चांगले साहित्य क्वचितच कुठे असेल. जवळच्याच सुळेभावीत 1924 मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे एखादे ध्वनिमुद्रण लावावे आणि गाण्याआधी नुसते तंबोरे ऐकावेत. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या सुताच्या धाग्याने जी जवारी, म्हणजे तारेची घुमणारी झंकार, खुलते, तिच्यातले बारीक स्वर एकेक करून उमलत असतील तर वरच्या पट्ट्या ठीक आहेत; नुसती झणझण ऐकू आली तर त्या टोचणाऱ्या आहेत. मग तबला सुरू झाला, की डग्ग्याची मींड, म्हणजे त्याचा घसरत जाणारा खोल नाद, गायकाच्या आवाजावर चढते का ते पाहावे. अलीकडच्या बहुतेक स्वस्त हेडफोनांत ती चढते, आणि मला हाच त्यांचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

पाठ उघडी, म्हणजे बाहेरची बाजू जाळीदार असलेला हेडफोन ही जवारी अधिक मोकळी ऐकवतो, पण खानापूरच्या बसमध्ये इंजिनाचा आवाज त्यातून थेट आत येतो आणि मग आवाज वाढवावा लागतो. प्रवासासाठी बंद पाठीचाच बरा. तो घेताना गादीवरचे आवरण बोटांनी चाचपून पाहावे आणि गादी निघते का, हे दुकानातच विचारावे. माझ्या पहिल्या बंद हेडफोनचे रेक्झिन खानापूरकडच्या दुसऱ्याच पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटू लागले. त्याचे काळे कण मानेला आणि सदऱ्याच्या कॉलरला चिकटत, आणि गादी कानाभोवती नीट बसेनाशी झाल्यावर डग्गाच ऐकू येईना. पुढे नवी गादी बसवली, तेव्हा तो परत आला.