२०० मैलांच्या कार्ब्युरेटरची गोष्ट आणि जुन्या गाडीचं खरं ॲव्हरेज

कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या, गाड्या ठेवणारी माणसं एकत्र आली की बोलणं फिरून फिरून ॲव्हरेजवर येतं. मग कुणीतरी ती गोष्ट काढतंच: पूर्वी एकाने असा कार्ब्युरेटर बनवला होता की गाडी एका गॅलनात २०० मैल जायची, पण तेल कंपन्यांनी तो दाबून टाकला. ही गोष्ट मी हसण्यावारी नेत नाही. पेट्रोल वाचवण्याबद्दलचे निम्मे गैरसमज तिच्या पोटातून निघाले आहेत, म्हणून ती मुळापासून पाहायला हवी.

गोष्टीतला माणूस खरा आहे. चार्ल्स नेल्सन पोग हा कॅनडातल्या विनिपेगचा. त्याला अमेरिकेत काही पेटंटं मिळाली, त्यातलं पहिलं १९३० सालचं. पेट्रोल फवाऱ्याच्या थेंबांऐवजी पूर्ण वाफ करून इंजिनात सोडायचं आणि त्यासाठी एक्झॉस्टची उष्णता वापरायची, ही त्याची कल्पना. थेंब नीट जळत नाहीत, वाफ पूर्ण जळते, म्हणून तेवढ्याच पेट्रोलात गाडी कितीतरी जास्त पळेल, असा हिशेब त्यामागे होता. ऐकताना पटतो.

पण मोटारगाडीचा जन्मच वाफेच्या कार्ब्युरेटरवर झाला होता, हे या गोष्टीत कुणी सांगत नाही. १८८६ साली कार्ल बेंझने ज्या तीनचाकीचं पेटंट घेतलं, तिच्यात पेट्रोलचा फवारा नव्हताच. हवा इंधनाच्या पृष्ठभागावरून खेचली जायची, सोबत त्याची वाफ घेऊन जायची आणि ते मिश्रण सिलिंडरमध्ये पेटायचं. अडचण अशी की पेट्रोल हा एक पदार्थ नाही, हलक्या-जड अनेक घटकांचं ते मिश्रण आहे. हलका भाग आधी उडून जायचा आणि तळाशी जड भाग साचायचा. सकाळी एक मिश्रण, दुपारी दुसरं. शिवाय इंजिन मोठं झालं, वेग वाढला, की हवी तेवढी वाफ वेळेत तयार होत नसे. १८९३ साली हंगेरीत डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनी, तर जर्मनीत विल्हेल्म मायबाखने फवाऱ्याचा कार्ब्युरेटर आणला. हवेची वाट एका जागी अरुंद करायची, तिथे वेग वाढून दाब कमी होतो, आणि त्या कमी दाबामुळे भांड्यातलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या तोटीतून, ओढलं जातं. भांड्यातली पातळी फ्लोट, म्हणजे तरंगणारा पोकळ गोळा, सांभाळतो. १९०५ चा एसयू कार्ब्युरेटर असो की नंतरचे सोलेक्स, झेनिथ, वेबर असोत, सगळे याच तत्त्वावर चालले. म्हणजे पोग ज्याला शोध म्हणत होता, ती वाट गाडीच्या धंद्याने चालून पाहून, कारणं कळल्यावर सोडलेली होती.

तरी त्याच्या विचारात तथ्याचा अंश होता, तो नाकारता येत नाही. गाड्या झपाट्याने वाढल्या तेव्हा पेट्रोलची मागणी भागवायला कारखाने त्यात जड घटक जास्त मिसळू लागले. कार्ब्युरेटरमधून सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या थंड नळ्यांच्या, म्हणजे मॅनिफोल्डच्या, भिंतींवर पेट्रोल ओघळायचं, एका सिलिंडरला जास्त मिळायचं, दुसऱ्याला कमी. ज्याला कमी मिळतं तोही नीट पेटावा म्हणून सगळं मिश्रणच गडद, म्हणजे रिच ठेवावं लागे. यावर उपाय म्हणून मॅनिफोल्डच्या बुडाला एक्झॉस्टची ऊब देणारे हॉट स्पॉट आले, पुढे गरम हवा ओढणारे एअर क्लीनर आले. उष्णतेचा उपयोग होता तो एवढाच. इंजिन तापल्यावर बहुतेक पेट्रोल ठिणगी पडेपर्यंत वाफ झालेलंच असतं, आणि चांगल्या स्थितीतल्या इंजिनात न जळता बाहेर पडणारा वाटा थोड्याच टक्क्यांचा असतो. खरा तोटा दुसरीकडे होतो. जळलेल्या पेट्रोलची बरीचशी उष्णता रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून निघून जाते. कार्ब्युरेटर कितीही बदलला तरी ती परत येत नाही. उलट मिश्रण फार तापवलं तर ते फुगून सिलिंडरमध्ये कमी भरतं, ताकद घटते आणि इंजिन ठोकायला लागतं, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून टकटक आवाज येतो.

आता २०० मैलांचा हिशेब करून पाहू. गॅलन अमेरिकन धरला तर हे लिटरला ८५ किलोमीटर होतात, ब्रिटिश धरला तर ७१. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. बाराशे किलोची, त्या काळच्या उंच आणि चौकोनी बांध्याची गाडी ताशी ८० किलोमीटरने चालवायला हवेचा आणि टायरचा विरोध मिळून किलोमीटरला अर्ध्या मेगाज्यूलहून थोडी जास्त ऊर्जा लागते. त्या लिटरचा कणन् कण चाकांपर्यंत पोचला, तरी गाडी साठ किलोमीटरच्या आत थांबते. ताशी ५० चा वेग धरला तरी तीन चतुर्थांश ऊर्जा चाकांपर्यंत पोचायला हवी, आणि त्या काळच्या इंजिनांत एक चतुर्थांशही पोचत नसे. हा आकडा कुणी दडपलेला नाही. तो पेट्रोलात बसतच नाही.

गोष्टीला जोडलेलं एक शेपूट आहे: पोगचा कार्ब्युरेटर चालू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिसं मिसळायला सुरुवात केली. तारखा पाहिल्या की हेही गळून पडतं. टेट्राइथाइल लेड या शिशाच्या संयुगाचा इंजिनाचं ठोकणं थांबवण्याचा गुण थॉमस मिजलीने जनरल मोटर्समध्ये १९२१ साली शोधला आणि असं पेट्रोल १९२३ साली विक्रीला आलं. पोगचं पहिलं पेटंट त्यानंतर सात वर्षांनी आलं.

जास्त ॲव्हरेजचे खरे आकडे मात्र इतिहासात आहेत, आणि मला ते त्या दंतकथेपेक्षा कितीतरी रंजक वाटतात. १९३९ साली अमेरिकेत शेलच्या प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांनी आपापसांत पैज लावली की कुणाची गाडी एका गॅलनात जास्त जाते. जिंकणाऱ्याने जवळपास ५० मैल काढले. पैजेची पुढे वार्षिक स्पर्धा झाली आणि १९७३ साली १९५९ ची एक ओपल गॅलनला ३७६ मैल, म्हणजे लिटरला सुमारे १६० किलोमीटर चालली. पण त्या गाडीत नावापुरतीच ओपल उरली होती. तिचं वजन काढून टाकलेलं, टायर अरुंद आणि टणक, चेनचा ड्राइव्ह आणि वेग ताशी पन्नासच्या आतबाहेर. तिला पेट्रोल कमी लागलं, कारण तिची गरजच कमी करून ठेवली होती.

त्याच १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि जग पेट्रोलच्या रांगेत उभं राहिलं. अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घातली, १९७५ साली कंपन्यांच्या सरासरी मायलेजचा कायदा केला. आणि बाजारात उपकरणांचा पूर आला. पेट्रोलच्या नळीवर बांधायचे चुंबक, कार्ब्युरेटरखाली बसवायची जाळी, पाण्याची वाफ सोडणाऱ्या बाटल्या, टाकीत टाकायच्या गोळ्या. १९७७ साली टेक्सासच्या टॉम ओगलने वाफेची पद्धत पुन्हा मांडली आणि १९७९ साली त्याला पेटंटही मिळालं. पेटंट कल्पना नवी आहे एवढंच सांगतं, ती पेट्रोल वाचवते असं सांगत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणं तपासली. बहुतेकांचा काहीच उपयोग दिसला नाही, मोजक्या काहींनी किंचित फरक दाखवला.

तरीही ती विकत घेणारी माणसं खोटं बोलत नव्हती. उपकरण लावताना मेकॅनिक प्लग साफ करतो, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचा गॅप पाहतो, मिश्रणाचा स्क्रू फिरवतो. मालक पुढचे दोन आठवडे हलक्या पायाने गाडी चालवतो. टाकी एकदा काठोकाठ, एकदा जराशी कमी भरली तरी लिटरभराचा फरक पडतो. जादा हवा सोडणाऱ्या झडपांचं तर थोडं खरंही होतं: मुळातच रिच चालणाऱ्या इंजिनात त्या मिश्रण विरळ करायच्या. तोच फायदा योग्य जेट आणि स्क्रूच्या दोन फेऱ्या देऊ शकल्या असत्या.

जेट लहान करून पेट्रोल वाचवायची कल्पनाही इथेच पाहू. हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण १४.७ ला एक असलं की दोन्ही पूर्ण संपतात, आणि संथ प्रवासात सर्वांत कमी पेट्रोल याहून जरा विरळ मिश्रणावर, साधारण १६ ला एक असताना लागतं. त्यापुढे गेलं की ठिणगी चुकते, गाडी अडखळते. चालक पाय आणखी दाबतो, ॲक्सिलरेटर पंप फवारा मारतो आणि वाचवलेलं निघून जातं. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे पाणी न सोडणारा थर्मोस्टॅट काढून टाकणाऱ्यांचंही असंच होतं. इंजिन थंड राहतं, भिंतींवर पेट्रोल ओघळतं, तेल घट्ट राहतं.

खरा फरक पडतो तो झिजेमुळे, आणि त्याचं कारण कार्ब्युरेटरच्या स्वभावात आहे. १९७६ साली व्होल्वोने एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर गाडीत आणला. तेव्हापासून इंजिनाला आपलं मिश्रण चुकलं तर कळू लागलं. बहुतेक जुन्या कार्ब्युरेटरांना ते कधीच कळत नाही. फ्लोटला बारीक चीर पडून आत पेट्रोल शिरलं की तो जड होतो, भांड्यातली पातळी चढते आणि गाडी प्रत्येक किलोमीटरला रिच चालते. भांड्यात येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह झिजला तरी तेच. एसयूची सुई जेटला घासून घासून जेटचं भोक लांबट करते. थंड इंजिन सुरू करताना मिश्रण रिच करणारा चोक अर्धा अडकलेला असतो आणि मालक प्लग काळे होताहेत म्हणून प्लग बदलत बसतो. एअर फिल्टर तुंबला तर अशा गाड्यांत साधारण २ ते ६ टक्के पेट्रोल जास्त जातं, गाडी चालवणं अवघड होण्याइतका तुंबला तर १४ टक्क्यांपर्यंत. सेन्सरवाल्या गाड्यांत हा फरक जवळपास दिसत नाही, त्यामुळे नव्या गाडीवरचा अनुभव इथे लागू करू नये.

माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित भाग प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला असतो: व्हॅक्यूम ॲडव्हान्सची डबी. थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, थोडाच उघडा असताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं आणि हळू जळतं, म्हणून ठिणगी लवकर पडायला हवी. ते काम आतला रबरी पडदा करतो. तो फाटला तर गाडी बंद पडत नाही, पळायलाही बरी वाटते, पण संथ प्रवासात पेट्रोल मुकाट्याने जास्त जातं. नळी काढून तोंडाने ओढून पाहिलं तर आतली पट्टी हलते की नाही हे मिनिटात कळतं.

उतारावर न्यूट्रल करायच्या सवयीबद्दल नीट सांगायला हवं. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना पेट्रोल बंद होतं, म्हणून तिथे न्यूट्रल तोट्याचं. बहुतेक जुन्या कार्ब्युरेटरांत मात्र आयडलच्या वाटेने पेट्रोल जातच राहतं आणि इंजिन जितकं जोरात फिरेल तितकं जास्त. म्हणजे जुन्या लोकांचं म्हणणं हिशेबाने बरोबर होतं. पण इंजिनाचा आवर सुटतो, ब्रेक तापतात, आणि त्या गाड्यांचे ब्रेक तसेही बेताचेच. मी ते करत नाही, कुणाला करू देत नाही.

इथेनॉलमुळे जुन्या हिशेबात एक नवी गोष्ट आली आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे दहा टक्के मिश्रणात तीन टक्क्यांच्या आसपास ॲव्हरेज जातंच. शिवाय ते जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर तीच गाडी थोडी विरळ चालते, आणि जुने रबरी पडदे व नळ्या लवकर खराब होतात. अशा पेट्रोलवर गाडी अडखळत असेल तर जेट जरासा मोठा करणं हाच उपाय ठरतो. ॲव्हरेज वाढवायला निघालेल्या माणसाला तो उलटा वाटतो, म्हणून आधी फ्लोटची पातळी मोजावी, पडदा पाहावा, नळ्या बदलाव्यात आणि मगच जेटला हात लावावा.