‘फ्री अप स्पेस’ म्हणजे ‘डिलीट’ नव्हे

चवथीच्या सुट्टीआधी ऑफिसांतल्या कॉम्प्युटरांची साफसफाई होते आणि सुट्टीनंतर फोन येऊ लागतात, ‘शेअर्ड फोल्डरातल्या फायली गायब आहेत, सिंक बिघडलंय.’ सिंक, म्हणजे मशीनवरच्या आणि क्लाउडवरच्या (इंटरनेटवरच्या साठ्यातल्या) फायली एकसारख्या ठेवण्याचं काम, बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं. सी ड्राईव्ह भरला म्हणून कुणीतरी वनड्राईव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड साठ्याच्या, फोल्डरात शिरून जुन्या फायली उडवलेल्या असतात, आणि सिंकने तो हुकूम इमानाने सगळीकडे पोचवलेला असतो. ‘क्लाउडवर आहेतच ना, इथल्या काढल्या तर काय झालं?’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

डिलीट काय करतं ते सांगायला नको. फक्त एवढंच, की वनड्राईव्हच्या फोल्डरात केलेलं डिलीट त्या एका मशीनपुरतं नसतं. पणजीच्या टेबलावर उडवलेली शेअर्ड फाईल मडगावच्या शाखेतूनही जाते.

‘फ्री अप स्पेस’चं काम वेगळं. फाईलवर राईट क्लिक केलं की हा पर्याय दिसतो. तो निवडला की फाईलचा मजकूर तुमच्या डिस्कवरून जातो. नाव, जागा, फोल्डर सगळं जिथल्या तिथे राहतं आणि चिन्हाच्या जागी निळा ढग येतो. डबल क्लिक केलं की इंटरनेटवरून फाईल पुन्हा उतरते. विश्वास बसत नसेल तर प्रॉपर्टीज उघडा: ‘साईझ’समोर खरा आकडा असतो, ‘साईझ ऑन डिस्क’समोर शून्य. बाकीच्यांना याचा पत्ताही लागत नाही. मात्र फाईल आधी पूर्ण अपलोड झालेली हवी. निळे गोल बाण दिसत असतील तर थांबा.

खरी फसगत पुढे आहे. ‘साईझ ऑन डिस्क’ शून्य दिसलं की लोकांना वाटतं, हे नुसतं नाव उरलंय, शॉर्टकटसारखं, काढून टाकू. निळा ढग असलेली फाईल डिलीट केलीत तर क्लाउडवरची फाईल जाते. वर ती तुमच्या मशीनच्या रिसायकल बिनमध्येही येत नाही, कारण मशीनवर ती नव्हतीच. मग बिन उघडून ‘इथे तर काहीच नाही’ म्हणत घाबरगुंडी उडते. ती ब्राउझरमधून वनड्राईव्हच्या रिसायकल बिनमध्ये शोधायची. शेअर्ड असेल तर ज्या खात्यात किंवा शेअरपॉइंट साईटवर (ऑफिसच्या सामायिक फायलींच्या जागेवर) मुळात होती, तिथल्या बिनमध्ये. ऑफिसच्या खात्यात साधारण 93 दिवस, वैयक्तिक खात्यात 30. पण ‘बिन रिकामी करणं म्हणजे शिस्त’ मानणारे एक गृहस्थ प्रत्येक ऑफिसात असतात. त्यांना या कामापासून लांब ठेवा.

याच जातीचा दुसरा घोळ म्हणजे फोल्डर कट करून डी ड्राईव्हवर पेस्ट करणं. लोक याला ‘हलवणं’ म्हणतात. वनड्राईव्हच्या लेखी ते डिलीटच. जागा हवी असेल तर कट-पेस्टला हात लावू नका, फोल्डरवर राईट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ म्हणा.

‘पॉज’ (सिंक थोडा वेळ थांबवणं) आणि ‘अनलिंक’ (मशीन खात्यापासून तोडणं) यांची लोकांना उगाच भीती वाटते. दोन्हींत क्लाउडवरच्या फायली शाबूत राहतात. गुगल ड्राईव्हवाल्यांनी आपलं सेटिंग ‘स्ट्रीम’ (फायली क्लाउडवर, लागतील तेव्हा उतरणाऱ्या) आहे की ‘मिरर’ ते पाहावं. ‘मिरर’मध्ये सगळं डिस्कवरही उतरलेलं असतं, म्हणून जागा वाचत नाही, आणि डिलीट दोन्हीकडून होतं.

हिरव्या खुणा दोन आहेत. पांढऱ्या वर्तुळातली हिरवी टिक म्हणजे फाईल सध्या डिस्कवर आहे. विंडोजचं ‘स्टोरेज सेन्स’ चालू असेल तर बरेच दिवस न उघडलेली अशी फाईल ते आपणहून ढगात पाठवू शकतं. भरीव हिरव्या वर्तुळातली पांढरी टिक म्हणजे कायम डिस्कवर. सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या भागात, जिथे नेटचा भरवसा नसतो, साईटवर लॅपटॉप घेऊन जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी ऑफिसच्या वायफायवरच त्या फोल्डराला ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ लावावं आणि टिक भरीव झालेली बघूनच लॅपटॉप मिटावा.