कुस्ती, रेसलिंग आणि कंटाळलेला प्रेक्षक

टीव्हीवर रेसलिंग लागलं की घरातलं कोणीतरी मोठं माणूस हमखास म्हणतं, ‘सगळं ठरवून चाललेलं असतं ते.’ आपण मोठं गुपित फोडलं असं त्यांना वाटतं. समोर बसलेल्या पोराला ते केव्हाच माहीत असतं, आणि तरीही ते जागचं हलत नाही. ऑलिम्पिकच्या दिवसांत उलटं होतं. सगळे कौतुकाने कुस्ती लावतात, सहा मिनिटांत ती संपते, आणि शेवटचे दोन गुण कशाचे दिले हे खोलीतल्या एकालाही सांगता येत नाही.

मराठीत निदान शब्द दोन आहेत. मॅटवरची ती कुस्ती आणि दोरांच्या रिंगमधलं ते रेसलिंग, असा भेद बोलण्यात आपसूक पडलाय. इंग्रजीत दोन्हींना शब्द एकच, त्यामुळे ‘रेसलिंगचा प्रेक्षक वाढतोय’ असं कुठे वाचलं की कोणत्या रेसलिंगचा, हे आधी बघावं लागतं. त्यात आपण ‘फ्रीस्टाइल’चा वेगळाच घोळ घालून ठेवलाय. सभेत खुर्च्या उडाल्या की बातमीत ‘फ्रीस्टाइल हाणामारी’ होते, म्हणजे फ्रीस्टाइल हे काहीतरी धरबंद नसलेलं प्रकरण. प्रत्यक्षात फ्रीस्टाइल ही ऑलिम्पिकमधली कुस्ती. तिथे ठोसा नाही, केस ओढणं नाही, बोटं पिरगाळणं नाही. मोकळीक एवढीच की प्रतिस्पर्ध्याचे पाय धरता येतात. तिची जोडीदार ग्रीको-रोमन, तिच्यात कमरेखाली हात लावायलाच बंदी. खुर्च्या उडतात त्या दुसऱ्या घरी.

एक खरं आणि एक खोटं, एवढ्यावर विषय मिटवता येतो, पण त्यातून फारसं काही कळत नाही. दोन्ही एकाच विद्येतून निघाली आणि एकाच अडचणीपाशी वेगळी झाली, असं मला दिसतं. अडचण अशी: तोलामोलाचे दोन मल्ल भिडले की बघणाऱ्याने बघायचं काय?

१० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची कुस्ती झाली. झिबिस्को वजनाने बराच भारी. पण गामाचा झपाटा पाहून तो पालथा पडला आणि मॅटला चिकटून राहिला, अडीच तासांहून जास्त वेळ. पालथ्या भारी माणसाला उलटवणं म्हणजे काय, हे ज्याने कधी अंगाला माती लावून घेतलीय त्याला सांगायला नको. अंधार पडू लागला, कुस्ती बरोबरीत सुटली, पुढच्या शनिवारी पुन्हा लढायचं ठरलं आणि झिबिस्को आलाच नाही. विजेतेपदाचा पट्टा गामाला मिळाला. लढत शंभर टक्के खरी होती, यात शंका नाही. तिकीट काढून आलेल्यांनी अडीच तास एका माणसाची पाठ पाहिली, यातही नाही.

दोन वर्षांनी स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये याची कमाल झाली. ग्रीको-रोमनच्या मध्यम वजनगटात मार्टिन क्लाइन आणि आल्फ्रेड असिकाइनेन यांची उपांत्य लढत ११ तास ४० मिनिटं चालली. क्लाइन जिंकला, पण इतका गळून गेला की अंतिम लढतीला उभाच राहिला नाही. सुवर्ण मिळालं स्वीडनच्या क्लास योहान्सनला, जो तेवढा वेळ आराम करत होता. त्याच स्पर्धेत दुसऱ्या एका वजनगटाची अंतिम लढत नऊ तासांनी थांबवली गेली, दोघांपैकी कोणीच जिंकलं नाही असं ठरलं, आणि दोघांनाही रौप्य देऊन सुवर्णपदक कपाटात ठेवलं गेलं. इतकी प्रामाणिक आणि इतकी न बघवणारी गोष्ट खेळांच्या इतिहासात दुसरी असेल असं वाटत नाही.

प्रेक्षकाच्या या कंटाळ्यावर दोन वेगवेगळे उपाय निघाले. रेसलिंग हा एक उपाय. आजची ऑलिम्पिक कुस्ती हा दुसरा.

पहिल्या उपायाची मुळं जत्रांमध्ये आणि फिरत्या सर्कशींमध्ये आहेत. गंमत म्हणजे नावावरून सगळ्यात पुरातन वाटणारी ग्रीको-रोमनसुद्धा प्राचीन ग्रीसमधून थेट आलेली नाही. ती एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये अशाच फिरत्या मंडळींत घडली. अमेरिकेतल्या जत्रांत मंडळीचा मल्ल उभा राहायचा आणि गावातल्या कोणी ठरावीक मिनिटं टिकून दाखवलं तर बक्षीस. त्यावर पैजा लागायच्या. पैज आली की निकाल ठरवण्याचा मोह आला, आणि सोयही. मग १९११ साली शिकागोत फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकेनश्मिट यांची दुसरी लढत झाली. तीसेक हजार लोक जमले. हॅकेनश्मिट दुखऱ्या गुडघ्याने उतरला आणि लढत एकतर्फी झाली. एवढी गर्दी जमू शकते हे त्या दिवशी कळलं, आणि खऱ्या लढतीच्या भरवशावर ती पुन्हा जमवता येईलच असं नाही, हेही कळलं.

१९२० च्या दशकात तिघांनी यावर धंद्याच्या अंगाने विचार केला: ‘स्ट्रँगलर’ म्हणून गाजलेला मल्ल एड लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि डोक्यालिटीचा माणूस टूट्स माँट. त्यांनी वेळेची मर्यादा आणली, डोळ्यांत भरतील अशा फेका आणि पकडी आणल्या, मल्लांची एक मंडळीच बांधून घेतली आणि तीच माणसं गावोगाव फिरवली. यात अर्थकारण साधं होतं. खरी कुस्ती लढणाऱ्याला पुढच्या लढतीआधी शरीर सावरायला वेळ लागतो. ठरवून लढणारा उद्या दुसऱ्या शहरात उभा राहू शकतो, आणि आजची गोष्ट जिथे तुटली तिथून उद्या पुढे नेऊ शकतो. विजेता आता पकडीवर ठरेना, तिकीटबारीवर ठरू लागला.

याच तिघांनी वेन मन नावाच्या फुटबॉल खेळणाऱ्या धिप्पाड माणसाला विजेता केलं. दिसायला भारदस्त, कुस्ती जेमतेम. एप्रिल १९२५ मध्ये फिलाडेल्फियात त्याच्याकडून हरायला एक वयस्क मल्ल बोलावला. घंटा झाली आणि त्या म्हाताऱ्याने ठरलेलं गुंडाळून ठेवलं. बिचाऱ्या मनला खरोखरच्या कुस्तीत पुन्हा पुन्हा चितपट केलं आणि पट्टा घेऊन निघून गेला. तो म्हातारा म्हणजे स्टॅनिस्लॉस झिबिस्को. गामापुढे अडीच तास पालथा पडलेला तोच. बघणाऱ्यांना कंटाळा आणणारी त्याची विद्या पंधरा वर्षांनी खोट्या विजेत्याला झोपवायला पुरली. खरी कुस्ती आणि ठरवलेली कुस्ती यांतला फरक यापेक्षा स्वच्छ कोणी समजावून सांगितलेला मला माहीत नाही. त्यांच्या धंद्याच्या भाषेत ठरवलेली ती ‘वर्क’ आणि खरी ती ‘शूट’, आणि सगळं खरंच आहे असं बाहेर भासवत राहणं म्हणजे ‘केफेब’. नायक आणि खलनायक बाहेर एका टेबलावर जेवतानासुद्धा दिसायचे नाहीत.

आपण चटकन ‘नुरा कुस्ती’ म्हणून मोकळे होतो. पण नुरा कुस्तीत प्रेक्षकाला फसवलेलं असतं. आज रेसलिंगमध्ये कोणी फसत नाही. १९८९ साली रेसलिंगमधल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे स्वतःच सांगून टाकलं की आमचा कार्यक्रम मुख्यतः मनोरंजनासाठी आहे, ही खरीखुरी क्रीडास्पर्धा नाही. कारण तात्त्विक नव्हतं. स्पर्धा म्हटलं की राज्याच्या क्रीडा आयोगाचे नियम आणि कर लागू व्हायचे. करापायी एवढं जुनं गुपित उघडं केलं! धंदा बुडेल असं ज्यांना वाटलं त्यांचा अंदाज साफ चुकला. प्रेक्षक निकाल बघायला येतच नव्हता. त्याला गोष्ट हवी होती. १९४०-५० च्या दशकांत टीव्हीने गॉर्जियस जॉर्जसारखा नखरेल खलनायक घराघरांत नेला. कंपनीचा मालक विन्स मॅकमन याने १९८५ मध्ये रेसलमेनियाचा मोठा जलसा सुरू केला. जानेवारी २०२५ पासून तिचा दर आठवड्याचा कार्यक्रम ‘रॉ’ नेटफ्लिक्सवर दिसतो, दहा वर्षांच्या पाच अब्ज डॉलरांहून मोठ्या करारावर. रेसलिंगचा वाढता प्रेक्षक मोजायचा तर असे करार बघावेत, गर्दीचे आकडे नव्हे. १९८७ च्या रेसलमेनियाला ९३,१७३ लोक आले असं कंपनी सांगते आणि तो आकडा फुगवलेला आहे हा वाद अजून मिटलेला नाही. लढतच लिहून घेतली तर प्रेक्षकसंख्येने काय घोडं मारलंय?

दोन्हींत दिसायला सारखी गोष्ट म्हणजे सुप्लेक्स, म्हणजे कवेत धरून मागे फेकणं. ती पाहिली की फरक कळतो. ग्रीको-रोमनमध्ये ज्याला फेकायचंय तो जीव तोडून जमिनीला खिळायला बघतो, म्हणून फेक क्वचित लागते आणि भव्य लागली तर एकदम पाच गुण मिळतात. रेसलिंगमध्ये फेकला जाणारा स्वतः उडी देतो, हनुवटी छातीला लावतो आणि पाठीच्या वरच्या भागावर सपाट पडून हात आपटतो, म्हणजे धक्का वाटला जातो. रिंगच्या फळ्याही तो दणका ऐकू जाईल अशा. तिथे फेकला जाणारा अर्धं काम करतो, आणि माझ्या मते दोघांतला जास्त कसबी बहुतेक वेळा तोच असतो. पाठ टेकवण्याचंही तसंच. कुस्तीत दोन्ही खांदे एक क्षण दाबून धरले की खेळ खलास, पंच मॅटवर हात आपटतो. रेसलिंगमध्ये तीन मोजतात, कारण दोनवर सुटण्यात जी गंमत आहे ती एका क्षणात मावत नाही.

आणि निकाल ठरलेला असला तरी हाडं ठरवून मोडत नाहीत. १९९९ मध्ये ओवेन हार्ट हा रेसलर लढतीआधीच्या प्रवेशासाठी छतावरून उतरवला जाताना खाली पडून मरण पावला. ‘खोटं’ हा शब्द त्यानंतर जरा जपून वापरावा.

दुसरा उपाय नियमांचा. निकालाला हात न लावता लढणाऱ्यांना हालायला भाग पाडायचं. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, समोरच्याला खाली आणून ताबा घेतला की दोन गुण, वर्तुळाबाहेर गेला की प्रतिस्पर्ध्याला एक, फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आणि ग्रीको-रोमनमध्ये आठ गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपली. फ्रीस्टाइलमध्ये नुसती खडाखडी करत राहिलात तर पंच ३० सेकंदांचं घड्याळ लावतात, तेवढ्यात गुण मिळवा नाहीतर समोरच्याला द्या. झिबिस्कोची लंडनमधली कुस्ती आज सहा मिनिटांपलीकडे गेली नसती.

पण नियमांनी सुटलेली अडचण नियमांनीच पुन्हा उभी राहते. २००० साली सिडनीत तेरा वर्षं न हरलेला रशियाचा ग्रीको-रोमन मल्ल अलेक्झांडर कारेलिन अमेरिकेच्या रुलॉन गार्डनरकडून १-० ने हरला. तो एक गुण गेला कशाने? एकमेकांना धरून उभं असताना कारेलिनच्या हातांची गुंफण क्षणभर सुटली म्हणून. जाणकारांच्या काळजाचा ठोका चुकला, बाकीच्यांना काही घडल्याचंच कळलं नाही. पुढे तर फेरी शून्य-शून्य सुटली की पिशवीतून रंगीत चेंडू काढून पाय कोणी धरायचा ते ठरवत. वर्षानुवर्षं घाम गाळायचा आणि शेवटी सोडत! १२ फेब्रुवारी २०१३ ला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या मुख्य खेळांतून कुस्ती वगळण्याची शिफारस केली, तेव्हा तिकिटविक्री आणि टीव्हीचा प्रेक्षक हेही निकषांत होते.

तेव्हा कुठे जाग आली. जागतिक संघटनेचा अध्यक्ष बदलला, चेंडू गेला, दोन्ही फेऱ्यांचे गुण एकत्र मोजायचं ठरलं. मे महिन्यात न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात मॅट अंथरून अमेरिका, इराण आणि रशियाचे मल्ल लढले. राजकारणात एकमेकांचं तोंड न बघणारे देश कुस्ती वाचवायला एका मॅटवर आले. ८ सप्टेंबरला ब्युनोस आयर्समध्ये ९५ पैकी ४९ मतं मिळवून कुस्ती परत आली. २००४ मध्ये ऑलिम्पिकमध्ये आलेल्या महिला कुस्तीला २०१६ पासून चारऐवजी सहा वजनगट मिळाले. हा खेळ आज पसरतोय तो मुलींमुळे, असं मला ठामपणे वाटतं.

तरी प्रेक्षक बेटाबेटांवर आहे. इराण, रशियातलं दागेस्तान, अमेरिकेतली काही विद्यापीठं. २०१५ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर मध्यभागी मॅट टाकून झालेल्या लढतीला ४२,२८७ लोक होते. हा आकडा कोणी खोडलेला नाही. कुस्ती बघायला मुख्यतः तोच येतो ज्याने स्वतः कधी लढून पाहिलंय किंवा ज्याच्या घरातलं कोणी लढतंय. रेसलिंगला अशी अट नाही.

मल्ल मात्र इकडून तिकडे जातात. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलेला कर्ट अँगल पुढे रेसलिंगचा मोठा तारा झाला, लोकांना हसवण्यातही पटाईत निघाला. टोकियोत सुवर्ण जिंकलेला गेबल स्टीव्हसन मात्र तिथे रुळला नाही. २०२४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने त्याला मोकळं केलं आणि तो कॉलेजच्या मॅटवर परतला. पट काढता येणं, म्हणजे पाय धरून पाडता येणं, आणि हजारो लोकांना आपल्यावर चिडायला लावणं ही दोन वेगळी कामं आहेत.

निवृत्तीचंही दोन्हीकडे वेगळं. कुस्तीत शेवटची लढत झाली की मल्ल बूट काढून मॅटच्या मध्यभागी ठेवतो आणि अनवाणी बाहेर पडतो. पॅरिसमध्ये २०२४ ला क्यूबाच्या मिहाइन लोपेसने सलग पाचवं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकून तसंच केलं. रेसलिंगचा जुना तारा रिक फ्लेअर याने २००८ च्या रेसलमेनियात हजारो लोकांना रडवून निरोप घेतला. काही वर्षांतच तो दुसऱ्या कंपनीच्या रिंगमध्ये लढत होता, आणि २०२२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्याने ‘शेवटची लढत’ या नावाने तिकिटं लावली. तीही खपली.